डाव्या बाजूचे ओरखडे

अप्पांची नजर अधू होत चालली आहे, हे आमच्या घरात सगळ्यात आधी गाडीच्या रंगावर उमटलं. डॉक्टरांकडे ते त्यानंतर गेले, मला त्याहून उशिरा कळलं, आणि ते स्वतःच्या तोंडाने कबूल करेपर्यंत आमच्या तिघांचा जीव जायची वेळ आली होती.

गाडी घेतली ती नव्वदच्या दशकात, माझं कॉलेज चालू असताना. अप्पांची बाजारात गुळाची अडत होती. तेव्हा कोल्हापुरात ज्याला त्याला पांढरी गाडी हवी असायची. अप्पांनी गडद निळी उचलली. विकणाऱ्याने बजावलं, की ह्या रंगावर नख लागलं तरी दिसेल. अप्पा म्हणाले, "दिसू दे की. दिसलं म्हंजे माणूस जपतंय." आणि त्यांनी ती जपली. माझ्या अभ्यासाकडे त्यांनी इतकं लक्ष दिलं असतं तर मी कलेक्टर झाले असते, असं मी म्हणायचे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

गाडी धुण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. ऊन अंगणात उतरायच्या आत सगळं उरकायला हवं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार, आणि ते उन्हात वाळलं की रंगावर पांढरे डाग धरतात. आधी अंगठी आणि घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं. मग टपावरून नुसतं पाणी सोडायचं, फडक्याचं बोटही न लावता, धूळ आपण होऊन खाली उतरेपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. फडकं मळलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शांपूत बुडवायचं, नाहीतर काढलेली माती तुम्ही परत गाडीलाच चोळता. फडकं जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. हात सरळ चालवायचा, गोल कधीच नाही. आणि फडकं एकदा का जमिनीवर पडलं की त्याची रवानगी चाकांकडे. ते परत रंगाला लागलेलं मी कधी पाहिलं नाही. शेवटी मऊ चामड्याने पाणी टिपायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी डबीतलं मेण पातळ पातळ चढवायचं. धुळीवर कव्हर टाकणाऱ्या शेजाऱ्याला ते म्हणायचे, "त्यापेक्षा पॉलिश पेपर आणून घासा की."

खंडेनवमीला सगळी गल्ली आपापल्या गाड्यांच्या बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढायची. आमची पूजा नंबरप्लेटवर व्हायची. हारसुद्धा दोऱ्यात ओवलेला, तारेचा चालायचा नाही. निवडणुकीत कुणी निवडून आलं की गुलालाची पोती रस्त्यावर रिकामी होत, आणि अप्पा मिरवणूक सरेपर्यंत गाडीपाशी पहारा द्यायचे. कुणी भला माणूस हाताने गुलाल झटकायला आला की ओरडायचे, "हात लावू नका पावणं, आधी पानी मारू द्या." लोक त्यांना हसायचे. मीही हसायचे.

पण त्यांचा खरा वैरी होता काजळी. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतून चिपाडाची काळी राख उडायची आणि सकाळी गाडीवर तिचे बारीक पापुद्रे पडलेले असायचे. दिसायला मऊ, पण कोरड्या हाताने पुसले की रंगावर कानशीसारखे चालणारे. हंगामात अप्पा पाणी दुप्पट वापरायचे, अव्वा पाण्यावरून कुरकुर करायची. अव्वा म्हणजे माझी आई.

दोन हजार साल उलटलं तोवर अप्पांची अडत बंद झाली होती आणि मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली होती. काम रंग तपासायचं. रंगवलेला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरला की ओरखडा लपत नाही. त्या नोकरीने माझे डोळे इतके बिघडवले, की लग्नाच्या पंगतीतही मी ताटाची कड तपासायचे.

तर एका रविवारी हंगामाच्या दिवसांत मी चहाचा कप घेऊन अंगणात आले आणि कोवळ्या उन्हात मला गाडीचा टप दिसला. मध्यभागी आरशासारखा निळा. कडांना मात्र गोल गोल बारीक ओरखडे, कोळ्याने जाळं विणावं तसे. असे ओरखडे एकाच गोष्टीने पडतात, काजळी न धुता पुसल्याने. अप्पांच्या हातून हे होईल यावर माझा विश्वास बसेना. पुढच्या खेपेला मी दारात उभी राहून नीट पाहिलं. पाणी सगळं मध्येच पडत होतं. कडेची काजळी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती, आणि ते तिच्यावरून खुशाल फडकं फिरवत होते.

मग मी गाडीला फेरी मारली. डाव्या दारांवर लांब, सरळ, आडवे ओरखडे होते, एकाखाली एक. हे धुण्याचे नव्हते.

"ट्रॉलीतला ऊस लागला," अप्पा म्हणाले. "ऊसवाले रस्ता सोडत्यात व्हय?"

खोटं नव्हतं ते. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं कोल्हापूरकरांना नवी नाहीत. पण ती त्यालाच लागतात जो ट्रॉलीच्या अंगाला अंग लावून जातो. दर पौर्णिमेला अप्पा आणि अव्वा गाडीने नृसिंहवाडीला जायचे, आणि त्या हंगामात प्रत्येक पौर्णिमेनंतर डाव्या बाजूला ओरखड्यांची भर पडत गेली. एकदा डावा आरसाच परत आला नाही. अप्पांनी नवा बसवला आणि विषय बंद केला. त्यानंतर पौर्णिमा जवळ आली की माझं जेवणात लक्ष लागायचं नाही.

अव्वा रोज त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. जळजळ होते, असं मला सांगितलेलं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं.

"काचबिंदू हाय," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "बाजूचं दिसत न्हाय त्यास्नी. नाकासमोरचं तेवढं दिसतंय. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"आणि तू शेजारी बसतीस?"

"मग कुणी बसायचं?"

माझं डोकंच फिरलं. मी तशीच बाहेर गेले आणि अप्पांना नको नको ते बोलले. त्यांनी शांतपणे पेपर उघडला आणि मला शेवटच्या पानावरची जाहिरात वाचून दाखवली, अगदी बारीक टाइपातली.

"दिसतंय की सगळं," ते म्हणाले.

"अप्पा, रस्ता काय पेपराएवढा रुंद असतोय? एसटीनं जावा. न्हायतर मी चालवते, माझ्याकडं लायसन हाय."

"तुझ्या बांगड्या घासतील दाराला," म्हणाले आणि उठून गेले. मी बांगड्या घालतच नव्हते.

अव्वाला मी विनवलं, की तू घरी राहा, म्हणजे तेही जाणार नाहीत. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मूर्ख.

"जातील. एकटं जातील. वाडीला काय मी देवासाठी बसून जातेय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "अडत गेल्यापास्नं ती गाडी हाय म्हणून माणूस सकाळी उठतंय. ती काढून घिऊन काय हातात देणार हाईस त्यांच्या?"

मला फक्त भीती वाटत होती, आणि भीतीचा मला राग येतो.

पौष पौर्णिमेला मी रजा टाकली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. अप्पांनी आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली. गाडी शहराबाहेर पडली आणि अव्वाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गाडीत ती गप्प बसत नाही, ही आमच्या नातेवाइकांत नेहमीची थट्टा. तिचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे घाई झाली की मराठीत कानडी मिसळायचं. त्या दिवशी मी मागे बसून ते पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

"डावीकडं सायकल हाय. उजवीकडनं एसटी याय लागलीय. म्हस हाय कडंला, हगूर, हगूर. आता जावा."

ती गप्पा मारत नव्हती. ती रस्ता सांगत होती. ती हगूर, म्हणजे हळू, म्हणाली की अप्पांचा पाय हलका व्हायचा, ती जावा म्हणाली की गाडी पुढे सरायची. मान न वळवता, एक अक्षर न बोलता, अप्पा तिच्या शब्दांवर चाक फिरवत होते. हे असं किती पौर्णिमा चाललं होतं कोण जाणे.

वाडीत दर्शन झालं. पालखी बघून निघायला उशीर झाला, आणि परत येताना शिरोळ मागे टाकलं तेव्हा कडूसं पडलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस. तोडलेल्या रानांत पाचट पेटवलेलं, त्याचा धूर रस्त्यावर उतरलेला. समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिव्याचा पत्ता नाही, टेप मात्र गावाला ऐकू जाईल असा. अप्पांनी तो ओलांडायला घेतला. "उजवीकडं घ्या, अजून घ्या," अव्वा म्हणत होती, तोवर उसाची टोकं डाव्या दारांवरून कर्रकन घासत गेली. काचेला कान लावून बसल्यासारखा तो आवाज मला ऐकू आला. अप्पांच्या मानेची शीरही हलली नाही. गुलालाला हात लावू न देणारा माणूस तो, आणि आता आपली गाडी सोलली जातेय तरी त्याला फक्त पुढे निघायचं होतं.

ट्रॅक्टर मागे पडला. थोडा वेळ रस्ता मोकळा मिळाला, आणि डावीकडच्या पाणंदीतून उसाने भरलेली बैलगाडी सरळ रस्त्यावर आली.

"निंद्री!" अव्वा ओरडली. थांबा.

अप्पांनी ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आदळले. गाडी थांबली तेव्हा बैलाचं शिंग बॉनेटच्या वर होतं आणि त्याचा श्वास काचेवर उमटत होता. बैलगाडीवाला खाली उतरला, आपल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, मग अप्पांच्या खिडकीशी आला. चिडलासुद्धा नव्हता तो.

"पावणं," तो म्हणाला, "दिसत न्हाय व्हय?"

तो बैलगाडी घेऊन गेला. तिचा आवाज दूर गेला तेव्हा अप्पांनी गाडी पुन्हा सुरू केली, जणू काही झालंच नव्हतं. मी तोंड उघडणार होते. अव्वाने मागे न बघता हात वर केला आणि मला गप्प केलं.

आणि मग तीही गप्प झाली.

गाडी चालत होती. समोरून काहीतरी दिवे आले आणि बाजूने गेले. अव्वा मांडीवर हात ठेवून बसली होती. अप्पा वाट बघत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. त्यांनी वेग कमी केला. अजून कमी केला.

"बोल की," ते म्हणाले.

त्यांनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी आता माणूस चालेल इतक्या गतीने सरकत होती आणि मागून कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवत निघून गेलं. ओरडावं, दार उघडून उडी मारावी, असं मला वाटत होतं. अप्पांनी अंदाजाने डावीकडे घेतलं, चाक मातीत उतरलं, आणि गाडी थांबली.

"अगं, बोल की. फुडं काय हाय?"

"फुडं काय हाय ते आता तुमीच सांगा," अव्वा म्हणाली.

इंजिन चालू होतं. धुरातून पाचटाची राख येऊन काचेवर बसत होती. अप्पा समोर बघत राहिले, मग त्यांनी डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली, रस्ता शोधल्यासारखी. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाय दिसत," ते म्हणाले.

अव्वा उतरली, तिने मागचं दार उघडून मला बाहेर काढलं आणि ती माझ्या जागेवर बसली. अप्पा गाडीला हात लावत लावत पुढून फिरून डाव्या सीटवर आले. मी चालकाच्या सीटवर बसून ती पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीला लावले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मी ती रस्त्यावर घेतली. समोर पुन्हा एक ट्रॉली लागली, मी तिच्या मागेच राहिले.

जयसिंगपूर आलं तेव्हा मी आरशातून मागे पाहिलं. अव्वा झोपली होती. तोंड जरासं उघडं, डोकं काचेला टेकलेलं, डोक्यावरचा पदर घसरलेला. गाडी घेतल्यापासून तिला गाडीत झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.