लाँड्री रूमची खिडकी
२००४च्या उन्हाळ्यात पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटची लाँड्री रूम भट्टीसारखी तापायची. दर शनिवारी तिथे एक सिंधी काका भेटत. परदेशात मुलाकडे आलेले, आयुष्य उल्हासनगरात गेलेलं, त्यामुळे मराठी अस्खलित. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी ते खिडकी उघडत आणि वाऱ्याकडे तोंड करून बसत.

"हा कसला उन्हाळा! आमच्या सिंधमधल्या हैदराबादला उकडायचं," ते म्हणत. तिथे म्हणे जुन्या घरांच्या गच्चीवर धुराड्यासारखा मंघ असायचा, वारा पकडायला. सगळ्या मंघांची तोंडं समुद्राच्या वाऱ्याकडे. झडप उघडली की वारा थेट खालच्या खोलीत.

एकदा निघताना मी खिडकी लावायला गेलो. 'खिडकी बंद ठेवा' अशी पाटीच होती. ती पाटी लावणाऱ्याने तिथे कधी कपडे वाळवले नसावेत.

"राहू दे," काका म्हणाले. "फाळणीत घर सोडलं, तेव्हा वडिलांनी दाराला कुलूप लावलं, पण मंघाची झडप उघडीच ठेवली. आई म्हणाली, घरात धूळ येईल. वडील म्हणाले, येऊ दे. आता जे कोणी राहायला येतील, त्यांना उकडायला नको."