घुमटाखाली बाबांचे कान

धंतोलीतल्या दवाखान्यात बाबांच्या कानाला मशीन बसवली आणि रस्त्यावर येताच त्यांनी ती काढून खिशात टाकली. हॉर्न सहन होईनात.

"याच्यापेक्षा बहिरा होतो तेच बरं होतं वं," म्हणाले.

कळमेश्वरला परतायला अजून अख्खी दुपार होती. म्हटलं, दीक्षाभूमीवर जाऊ. तिथे आम्ही येतो ते दसऱ्याच्या गर्दीत, खांद्याला खांदा लावून. वर बघायला कुणाला सवड असते? त्या दिवशी आवारात मोजकीच माणसं होती. तोरणाखाली उभं राहून मी तो पांढरा घुमट डोळे भरून पाहिला. एवढा प्रचंड, पण अंगावर येत नाही. उन्हात नुसता शांत बसलेला.

चपला काढून आत गेलो. आत गारवा. पायाला थंड फरशी, डोक्यावर ती भलीमोठी पोकळी. बाबा अस्थिकलशापुढे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग स्वतःहून खिशातून मशीन काढून कानात घातली.

"बाबा, बरं वाटते का?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं. घुमटाने तो प्रश्न सगळ्यांना ऐकवला.

"काहून ओरडून राहिली वं?" बाबा कुजबुजले.

आठ-दहा वर्षं आम्ही घरात ओरडूनच बोलत होतो. मला हसू आवरेना.

बाहेर झाडाखाली एक गाण्याचा संच बसला होता. पेटी, ढोलकी आणि गाणारी एक सावळी, उंच बाई. माईक नव्हता, तिला गरजही नव्हती. गाण्यातली माय शेतातून दमून येते आणि आधी लेकीची पाटी पुसून देते. ती ओळ बाई दर वेळी वेगळ्या वळणाने घ्यायची. ढोलकीवाला मान डोलवून तिला वाट द्यायचा.

बाबा जमिनीवर बसले. म्हणाले, "मले वाटे, आजकालच्या लोकाइले गाताच नाही येत. नुसती ढोलकीच ऐकू ये. हिचा एकेक शब्द समजून राहिला."

डोळे पुसायलाही ते विसरले.

कळमेश्वरच्या दोन बसेस निघून गेल्या. आईचा फोन आला तेव्हा मी उचलणार, तोच बाबांनी हात पुढे केला. इतकी वर्षं त्यांच्या वतीने आम्हीच बोलायचो.

"हो, ऐकू येऊन राहिलं," ते हळूच म्हणाले. "पण आता ठेव. बाई गाऊन राहिली."