शिवकांत सरांची चालती भिंत

शिवकांत सरांवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सोमवारी, लातूरच्या एका क्लासमध्ये, भरल्या वर्गासमोर. मी पहिल्या बाकावर होते.

सर उदगीरचे. कपाळावर भस्माची पुसट रेघ, उजवी बाही कायम खडूने पांढरी. आम्ही हदगाव, उमरीकडून आलेली, बारावीनंतर पुन्हा प्रवेश परीक्षेला बसलेली पोरं. बाकीचे शिक्षक उत्तरं पाठ करून घेत. सरांचं वेगळंच. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की म्हणत, "हाव, खरंय. पण कधी खरंय, ते बोल की माय."

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. कपडे वाळत घालायच्या दोरीला तार बांधली, रेडिओला लावली, रेडिओ लॅपटॉपला. म्हणाले, "उन्हानं लई उंचावरची हवा विजेनं भारली जाती. तिला प्लाझ्मा म्हणायचं. दूरच्या केंद्राची लहर त्या भिंतीवर आपटून खाली येती. ऊन गेलं की भिंत वर सरकती. मागं सरकणाऱ्या भिंतीवर चेंडू मारला, तर कसा येतो?"

"मरगळलेला, सर," हदगावचा गजानन म्हणाला. "मेसच्या चपातीवाणी."

सर हसले. दिवस बुडाला तशी पडद्यावरची, लहरीची वारंवारिता दाखवणारी सरळ रेघ किंचित खाली वाकली. "बगा. भिंत हलली, लहरीची वारंवारिता बदलली."

पुढच्याच चाचणीत प्रश्न आला: परावर्तनानंतर लहरीची वारंवारिता बदलते का? भिंत उभी की चालती, याचा पत्ता नाही. अर्ध्या वर्गाने 'बदलते' लिहिलं. उत्तरतालिकेत होतं, 'बदलत नाही'. पालकांचे फोन सुरू झाले. सोमवारी क्लासचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, तासाच्या मध्येच आत आले.

"पोरांना सांगा, तालिका बरोबर हाय."

"भिंत उभी हाय, एवढं प्रश्नात घाला. लगेच सांगतो."

"तुम्हाला इथं भिंती चालवायला ठेवलंय का हो?"

वर्ग हसला. शिवकांत सर म्हणाले, "मला जमायचं न्हाई, साहेब. पोरं ऐकून राहिलीत." खडू टेबलावर ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तासाला दुसरे शिक्षक उभे होते.

'पोरांना गोंधळात टाकतात' ही ख्याती अशी पसरली, की नांदेडच्या क्लासवाल्यांनीही त्यांना दारातून परत पाठवलं. आता सर उदगीरला भावाच्या पाईपच्या दुकानात बसतात. मी भेटायला गेले तेव्हा बाही स्वच्छ होती. म्हणाले, "गिऱ्हाईक पाईपची लांबी सांगतं, मी कापून देतो. दिवसभरात घसा बसत न्हाई, माय. त्यानं लई उदास वाटतं."

लातूरच्या पालकांनो, तो क्लास तुम्हाला माहीत आहे. त्याच्या फलकाखालून रोज जाता. या जूनमध्ये लेकरू घेऊन आत जाल तेव्हा मोठ्या सरांना सांगा: तो प्रश्न दुरुस्त करा आणि शिवकांत सरांना त्याच वर्गात सन्मानाने परत आणा. मोठे सर हो म्हणेपर्यंत प्रवेशाच्या अर्जावर सही करू नका.