वारो होयो

गोठ्यात शिरले की भिवाकाका आधी उकिडवे बसायचे. वासराच्या तोंडाच्या उंचीवर नाक आणून दोन-तीन श्वास घ्यायचे, आणि डोळे चुरचुरले तर जमीन पुन्हा खरवडून काढायचे. मी हसलो की म्हणायचे, "साहेब, तुमचा नाक वयर, तेंचा खाली."

मालवणजवळच्या एका बागायतदाराची संकरित गुरं ते सांभाळत. ऐंशीच्या दशकात मी तिथे व्यवस्थापक म्हणून लागलो. मूळचा सांगलीकडचा; खिशात दुग्धव्यवसायाची पदविका आणि डोक्यात तिचा ताठा. मालक मुंबईला असत, गोठ्याची खबरबात मी त्यांना पत्राने कळवायची.

भिवाकाका माणसांशी कमी बोलत, गुरांशी मात्र तासन्‌तास. दूध न पिणाऱ्या कालवडीची "पी गो बाये, रुसतंस कित्याक?" अशी मनधरणी चाले. मला ती भाषा धड कळत नव्हती, आणि विचारायला कमीपणा वाटे.

मी आल्याच्या पंधरवड्यातच पावसाने झोडपायला सुरुवात केली. वासरांच्या गोठ्याला मी चारी बाजूंनी ताडपत्री बांधायला लावली. चौथ्या दिवशी दोन वासरं खोकू लागली. भिवाकाका माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"साहेब, वासरांका वारो होयो."

मला वाटलं, वासरांना वारा बाधतोय. म्हटलं, "मग राहिलेल्या फटीही बुजवा."

मग जाऊन त्यांनी फटींत पोती कोंबली. साहेबाचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती.

आठवड्यात पाच वासरं गेली. कुशी उडायच्या, माना लांबवून ती तोंडाने श्वास ओढायची. शेवटच्या कालवडीचं डोकं भिवाकाकांनी मांडीवर घेतलं होतं. गुरांचे डॉक्टर आले ते ताडपत्री ओढून काढतच म्हणाले, "आत मुताच्या वासानं माणसाला ठसका लागतोय, वासरांची फुप्फुसं कशी टिकणार?"

मी मालकांना लिहिलं, गुराख्याच्या हयगयीमुळे गोठा कोंदट राहिला. पत्र टाकायला नाक्यावर गेलो. पोस्टाशेजारच्या हॉटेलातल्या बाईने विचारलं, "साहेबांनु, चाय होयी?"

"होयी म्हणजे?"

"होयी म्हणजे हवी," ती हसून म्हणाली.

चहा न घेताच मी निघालो. पत्र अजून खिशात होतं. फाडता आलं असतं. पण नोकरी नवी होती, मी घाबरलो, आणि ते पेटीत टाकलं.

मालकांनी उलट टपाली भिवाकाकांना कमी केलं. वीस वर्षांची चाकरी, पण जाताना त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. त्यांनी अंगणातलं बाकडं पंच्याने पुसून मला बसायला दिलं. मी कसाबसा म्हणालो, "काका, त्या दिवशी तुमचं बोलणं मला कळलं नव्हतं."

"तुमची कसली चूक, साहेब? तुमी घाटावरचे. मियाच तुमका शुद्ध मराठीत सांगूक होया होता. माझ्या तोंडापायी पाच वासरां गेली."

तेव्हा पत्राचं बोलायला हवं होतं. त्यांनी दिलेला चहा प्यालो, नमस्कार केला आणि निघालो. दोन वर्षांनी भिवाकाका गेले, ती वासरं आपण मारली असं समजूनच.