तांडेलांचा सूड

शाळेतल्या सत्कारात एका बाईंनी तांडेलांना विचारलं, "सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुम्ही लोकांच्या जिवासाठी फिरता. एवढी प्रेरणा कुठून मिळते?" मुलं उत्तर लिहून घ्यायला सरसावून बसली होती. तांडेलांनी माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "सूड." मुख्याध्यापकांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.

पुष्पगुच्छ धरून मी शेजारीच उभी होते. मला हसू आलं नाही. त्या सुडाचे कागद मीच टाइप करत होते.

अंबरनाथच्या अग्निशमन केंद्रात मी लिपिक होते. बंबावरच्या पथकाच्या म्होरक्याला आमच्याकडची जुनी माणसं तांडेल म्हणत, आणि ह्यांचं दुसरं नाव कुणी घेतच नसे. शिवमंदिराच्या पलीकडच्या गावातले आगरी. खांदे रुंद, आवाज मात्र बारीक. मला 'बाय' म्हणत.

उल्हासनगरात जीन्स शिवायच्या एका कारखान्याला भर दुपारी आग लागली, तेव्हा मदतीला आमचा बंब गेला होता. पुढचा जिना पेटलेला. मागच्या जिन्याला लोखंडी दार, त्याला बाहेरून कुलूप. कामगार पँटी चोरून नेतात असा मालकाला संशय. आतून एक बाई दारावर थापा मारत सांगत होती, "दादा, चावी मालकाकडं हाय." मालक खाली गल्लीत उभा होता. म्हणाला, "कुठं पडली माहीत नाही." तांडेलांनी कडी कापून दार उघडेपर्यंत थापा थांबल्या होत्या. आत दोघी होत्या. संध्याकाळी पोलिसांनी झडती घेतली, तर चावी मालकाच्या शर्टाच्या खिशात.

"मी दाराच्या ह्या अंगाला होतो गो बाय," एवढंच ते मला म्हणाले. "चार बोटांवर."

त्यानंतर त्यांची साप्ताहिक सुट्टी संपलीच. सोमवारी डबा घेऊन निघायचे ते थेट कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत. "पुढच्या दारानं शोभा दिसते, मागच्या दारानं नियत," असं म्हणत. कुलूप दिसलं की मोबाइलवर फोटो, आणि मंगळवारी माझ्या टेबलावर अर्ज. साहेब वैतागले, "अहो, उल्हासनगर आपल्या हद्दीत नाही." तांडेल शांतपणे म्हणाले, "नसंल. मी काय बंब घेऊन जात नाय. नागरिक म्हणून जातो."

मालक जामिनावर सुटला आणि मेव्हण्याच्या नावाने बदलापुरात नवा कारखाना उघडला. धागा पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याकडून तांडेलांना पत्ता लागला. पुढच्या सोमवारी ते समोरच्या फुटपाथवर हजर. नुसते उभे. मंगळवारी अर्ज. महिनाभरात तिथे नोटीस लागली. मालकाने बाडबिस्तरा वांगणीला हलवला. तांडेल तिथेही.

शेवटी एकदा मालक केंद्रावर आला. "काय पाहिजे तुम्हाला? तुमच्या पोराला कामाला लावतो. पण माझा पाठलाग सोडा."

"तू उघडशील त्या प्रत्येक कारखान्याच्या मागच्या दाराशी मी येनार," तांडेल म्हणाले. "कुलूप असंल तर तक्रार करीन. नसंल तर बघून परत जाईन. पन येनार."

मालक पाण्याचा ग्लास तसाच ठेवून निघून गेला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. दुष्टपणे बरं वाटलं.

खटला तारखांवर रेंगाळत राहिला आणि निकाल लागायच्या आधीच मालक हृदयविकाराने गेला, घरी, पलंगावर. बातमी आली तेव्हा तांडेलांनी हेल्मेट जमिनीवर आपटलं. "निजल्या जागी मेला! त्याला साधा ठसका पन नाय आला!" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला वाटलं, संपलं. मंगळवारी ते पुन्हा टेबलाशी. "बाय, अर्ज घे."

"आता कुणाविरुद्ध?"

"तो एकटाच होता काय?"

मी धीर करून विचारलं, "तांडेल, तुमचा राग कधी जाणार?"

"राग गेला तर मी सोमवारी घरी झोपेन," ते म्हणाले. "दया आली की मानूस डोळे पुसतो न् कामाला लागतो. राग मात्र त्याला पुन्हा त्या दाराशी नेतो. लिही."

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. बारवी धरणाकडे बायकोच्या माहेरची जमीन आहे, तिथे भात लावतात. निरोपाच्या दिवशी त्यांनी शाल घेतली, भाषण केलं नाही.

परवा मी माझ्या मुलीला बदलापुरात एका क्लासला घालायला गेले. तिसरा मजला, साठ-सत्तर मुलं. मागच्या जिन्यावर मोडकी बाकं रचलेली आणि जाळीच्या दाराला कुलूप. व्यवस्थापक गोड हसला. "मॅडम, चपला चोरीला जातात हो. तुम्ही बसा ना, चहा सांगतो."

त्या हसण्याचा मला असा संताप आला की तळहात गरम झाले. मी म्हटलं, "चहा नको. बाकं हलवा, कुलूप काढा. तोवर मी इथून हलत नाही."

मुलगी लाजून खाली निघून गेली. मी उभी राहिले.