नाव न विचारणारे सर

मोहिते सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टात फायलिंगच्या रांगेत उभी होते. रडायचं सोडून मी रांग धरून राहिले... नंबर गेला असता तर सरच रागावले असते, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. त्याला आता दीड महिना झाला.

वकिलीची सनद मिळाल्यावर मी गिरगावात सरांच्या हाताखाली लागले. अशील म्हणजे छोट्या साप्ताहिकांचे पत्रकार. बातमी छापण्याआधी सर ती वाचून देत आणि छापल्यावर नोटीस आली की लढत. पत्रकाराला बातमी कोणी दिली, ते नाव मात्र कधीच विचारत नसत. "जे माहीतच नाही, ते तोंडातून निसटत नाही गं," म्हणायचे.

माझ्या हातून मात्र एक नाव कागदावरून निसटलं. नायगावच्या सुजाता कांबळेनं बातमी केली होती, की चाळीच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूंची नावं यादीतून गाळली. बिल्डरनं तिच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तिला कागद देणारा माणूस त्याच बिल्डरच्या ऑफिसात कारकून, आणि राहायला त्याच चाळीत. नाव फुटलं तर नोकरीही जाणार आणि नव्या इमारतीतली खोलीही. मी आमच्या उत्तराच्या कागदांना सुजाताच्या डायरीतल्या पानाची झेरॉक्स जोडली, नावावर काळं मार्कर फिरवलं आणि एक संच बिल्डरच्या वकिलांकडे पाठवून दिला. दुपारी सरांनी आमची प्रत खिडकीशी उजेडात धरली. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"समोर गेला संच?"

"सकाळीच, सर."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कोट चढवला, मला घेऊन टॅक्सीनं फोर्टला गेले आणि त्या वकिलांना सरळ म्हणाले, "आमच्याकडून चुकून एक पान आलंय. न वाचता परत द्याल?" त्यांनी दिलं. "पाहिलं नाही अजून," म्हणाले. पण पाकीट फोडलेलं होतं... सरांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मला आजही तो ठेवता येत नाही. दर सोमवारी मी सुजाताला फोन करून विचारते, तो कारकून कामावर आलाय ना. ती "आलाय गं बाई" म्हणेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

दादरला शोकसभा झाली, तेव्हा दाराशी आठवणी लिहायला वही ठेवली होती. सभा संपल्यावर मी ती उचलली, सहज चाळली आणि एका पानावर थांबले. ज्याला मी कधी पाहिलेलंही नाही, त्या कारकुनानं पूर्ण नाव लिहिलं होतं, चाळीच्या खोली नंबरासकट. 'सरांमुळे माझी नोकरी वाचली.' सुजातानं त्याला टॅक्सीची हकिकत सांगितली असणार. भला माणूस, आणि माझ्याइतकाच मूर्ख! त्याच्या खाली दोन सह्या सोडून बिल्डरच्या वकिलांची सही होती.

त्यांनी वर वाचलं असेल तर उशीर झालाच होता. तरी मी ते पान फाडलं. आणखी चार-पाच जणांनी त्यावर मनापासून लिहिलं होतं, तेही गेलं. मान वर केली तर सरांच्या पत्नी, काकू, समोर उभ्या.

"पान फाडलंस?"

"हो, काकू. ते..."

"कोणासाठी, ते विचारत नाही," त्या म्हणाल्या आणि वही माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली.