माहीमवालीनं निवडलेली तार

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गच्चीवर उभं राहून तारा बघितल्या. सकाळची वेळ. ती पुढे, मी मागे. एका हातानं डोक्यावरचा पदर धरून, उन्हात डोळे बारीक करून ती रस्त्यावरच्या खांबापासून आमच्या बिल्डिंगपर्यंत एकेक तार नजरेनं चालत येत होती.

"ही काळी कोनाची?"

"मला काय माहीत?"

"मंग आलात कशाला वर?"

शेवटी तिला हवी ती सापडली. वरच्या मजल्यांना आधीच आलेली केबलवाल्याची तार. समोरच्या नारळाखालून न येता ती शाळेच्या भिंतीवरून येत होती. झावळी पडून तुटायची भीती नाही, एवढं बघून म्हणाली, "बरी हाय. उद्या दहाला बोलावलाय त्याला." आणि आम्ही जिना उतरलो.

ही माझी बायको. बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे माहीमवाली म्हणायचे. माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे, आमच्या पालघरचं, समुद्राकाठचं. तिच्या वडिलांची तिथे पानवेलीची आणि केळीची वाडी. मी घाटावरचा, चौथी शिकलेला. तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म काढला. मला वस्तू घ्यायची म्हणजे दुकानात जायचं आणि घेऊन यायचं एवढंच ठाऊक. तिचं तसं नव्हतं. "इकनाऱ्याला फक्त भाव इचारायचा," ती म्हणायची, "माल कसा हाय ते वापरनाऱ्याला." मिक्सर घ्यायचा तर दुकान सगळ्यात शेवटी. आधी चार घरच्या ओट्यांवर जाऊन त्यांचे मिक्सर फिरवून बघायची. मला लाज वाटायची. म्हणायचो, लोक काय म्हणतील? लोक काही म्हणत नव्हते. लोक तिला चहा पाजत होते.

मला निवडलं तेही असंच. माझं स्थळ सांगून आलं तेव्हा तिच्या वडिलांनी पगार विचारला. ही मात्र मैत्रिणीला घेऊन थेट मी जेवायचो त्या खानावळीत गेली. हा माणूस ताटात टाकतो का, पगाराच्या दिवशी कसा येतो, भाजी खारट झाली तर काय बोलतो, सगळं विचारलं. खानावळवाली म्हणाली, "बोलतो फाडकन, पण आपलं ताट आपण उचलतो." मला हे कळलं मुलगी शाळेत जायला लागल्यावर. मी भडकलो. ती चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "चिडता कशाला? पास झालात ना तुमी?"

तर ह्या इंटरनेटचं. आमची एकुलती एक मुलगी मनीषा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, हे माहीमवालीनं विहीणबाईंना लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं होतं. पण ऑफिस एवढी रजा देईना. घरून काम करा म्हणाले, मात्र लाइन तुटता कामा नये. दिवाळीला आली होती तेव्हा पोरगी मोबाइलच्या नेटवर जिन्यात बसून काम करत होती, कारण आमच्या तळमजल्यावर रेंजच नाही. मीटिंगमध्ये तिचा आवाज सारखा जायचा. साहेब बोलला तिला. परत तसंच होणार असेल तर तिला पुण्यातच राहावं लागणार होतं. विहीणबाई चांगल्या आहेत, तक्रार नाही. पण पोरीनं फोनवर नुसतं "आई, मला तिकडे यायचंय" म्हटलं आणि माहीमवालीनं कंबर कसली. "बाय येनार म्हंजे येनार. पन आधी तार."

पहिला आला तो मोठ्या कंपनीचा माणूस. गळ्यात पट्टा, हातात रंगीत कागद. शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे दाखवायला लागला. मी म्हटलं, तीनशेवालं घेऊ, मोठा आकडा आहे. तिनं कागद उलटासुलटा केला आणि त्याला विचारलं, "तीनशे काय? किलो का डझन?" तो स्पीड समजावत बसला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आनी लाइट गेल्यावर?" तो म्हणाला, "मॅडम, आमचं नेट कधीच जात नाही." तो गेल्यावर मला म्हणाली, "कधीच जात नाय म्हनाला ना, त्याला सोडून द्या."

दुसऱ्या कंपनीचा आला त्यालाही तोच प्रश्न. त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. तिसरा आपला गल्लीतला केबलवाला दिनेश. तो डोकं खाजवून म्हणाला, "मावशी, खांबावरच्या डब्यात बॅटरी टाकलीय. दोन-अडीच तास खेचतो. पुढं देव."

आता खरं कोणाचं? त्यासाठी तिनं शुक्रवार धरला. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून दुरुस्तीसाठी लाइटही शुक्रवारीच जाते. लाइट गेली की ही चपला घालून बाहेर. ज्यांच्याकडे ह्या तिघांपैकी कोणाची लाइन आहे अशी घरं तिनं आधीच काढून ठेवली होती. दारात उभी राहून विचारायची, "चालतंय का तुमचं?" पहिल्या शुक्रवारी सगळीकडे बंद. घामाघूम होऊन घरी आली आणि जाहीर केलं, "तिघंबी लबाड." मीही खूश झालो, कटकट संपली म्हणून. संध्याकाळी शेजारची गुडियाची मम्मी हसत हसत म्हणाली, "चाची, मेरे घर का नेटवाला डिब्बा ही बिजली से चलता है. बिजली नहीं तो डिब्बा बंद. इसमें कंपनी का क्या कसूर?"

दुसरी कोणी असती तर चूक झाकली असती. ही स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली, आणि पुढच्या शुक्रवारी फक्त इन्व्हर्टर असलेल्या घरी गेली. आमच्याकडेही जावयानं इन्व्हर्टर बसवून दिलाय, म्हणजे बरोबरीचा सामना. डॉक्टरांचा दवाखाना, क्लासवाल्या बाई, मागच्या बिल्डिंगमधले बँकेतले साहेब. त्या उन्हात दोन शुक्रवार फिरली. तिघांची तीन वेगळी कनेक्शनं. दोन्ही कंपन्यांचं नेट लाइटीबरोबरच गेलं. दिनेशचं क्लासवाल्या बाईंकडे दुपारचं जेवण होईपर्यंत चालू होतं. जरा हळू, पण चालू. "हळू चालेल," ती म्हणाली, "बाय पन आता हळूच चालतेय."

तेवढ्यावर भागलं नाही. तिनं भर जेवणाच्या वेळी तिघांना फोन लावले. एका कंपनीत मशीन बोलायला लागलं, मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. ही त्या मशीनला म्हणत होती, "अगं बाय, दाबतेय ना! जरा दम धर." दुसरीकडे नुसतं गाणं वाजत राहिलं. दिनेशनं फोन उचलला, तोंडात घास. ती म्हणाली, "जेव आधी निवांत. मंग परवा तार टाकायला ये." झालं. महिनाभराचं काम एका वाक्यात संपलं.

मी तिला कधी शाबास म्हटलं नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती. ह्या महिन्यातही मी तिला वेडी म्हणालो, एका तारेसाठी एवढं फिरतात का म्हणालो. पण मी बॉयलरवर होतो. दाबाचा काटा काय दाखवतो ते न बघता वाफ सोडणारी माणसं मी बघितलीत, त्यांचं काय झालं तेही बघितलंय. हिच्यासारखा माणूस शिफ्टला असता तर आम्ही निर्धास्त झोपलो असतो. हे मला तिला सांगायला पाहिजे होतं.

गच्चीवरून उतरलो आणि ती म्हणाली, पाठीत भरल्यासारखं वाटतंय. पाणी मागितलं. मी तांब्या आणेपर्यंत पलंगाला टेकली होती. गुडियाच्या मम्मीनं रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडे न बघता चष्मा काढला. बारा वाजायचे होते. सगळ्यांना विचारून सगळं करणारी बाई, एवढ्या एका गोष्टीला कोणाला विचारत बसली नाही.

मनीषा आणि जावई पुण्याहून संध्याकाळी पोचले. दिवस मावळता मावळता माहीमवालीला स्मशानात पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलेलं होतं. तिचा भाऊ माहीमहून आलेला, विहीणबाई आलेल्या. मनीषा भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. विहीणबाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "दहावं झालं की हिला घेऊन जाते. आता इथे करणार कोण तिचं?" पोरीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन दिनेश दारात आला. दाराबाहेरच्या चपला बघितल्या, आतली माणसं बघितली आणि तसाच मागे फिरला. मी अनवाणी त्याच्या मागे गेलो.

"कुठं चाललास?"

"काका, मला म्हायती नव्हतं. तेरावं झालं की येतो."

"आत्ता टाक."

मेव्हणा मागून आला. "दाजी, सुतकात कसली तार? लोक काय म्हणतील?"

"सुतक मला आहे. तारेला नाही."

आत आलो आणि विहीणबाईंसमोर उभा राहिलो. म्हटलं, "करणार मी. मला वरण-भात येतो, पाणी तापवता येतं. शेकायला आणि न्हाऊ घालायला माहीमहून बाई आणीन. बाकीचं शिकेन. पोरीला विचारा, तिला कुठं राहायचंय."

दिनेश ड्रिल हातात धरून भिंतीपाशी उभा. अंदाज घेत म्हणाला, "भोक कुठं पाडू, काका?"

तेव्हा मनीषा भिंतीचा आधार घेत उठली. खिडकीजवळ गेली आणि बोट ठेवलं. "इथे. बाळ होईपर्यंत मी इथेच बसणार आहे."

मी आतल्या खोलीत गेलो आणि तिथलं टेबल उचलायला लागलो. जावई, मेव्हणा दोघेही धावले, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. टेबल एकट्यानंच ओढत खिडकीपाशी आणलं.